कोप एक, सातबारे तीन

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर शहरात चहा मिळणं मुश्कील. गंजगोलाईतली दुकानं बंद, रिक्षा बंद, दवाखान्यात तातडीपुरता एखादा डॉक्टर. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, पण ती केवळ कागदोपत्री सोय. सुट्टी नसती तरी माणसं थांबली नसती. सकाळी आठपासून शहराबाहेरच्या रस्त्यांवर मोटारसायकली, टमटम, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि चकचकीत गाड्या एकाच दिशेला निघतात. सगळ्यांना कुणाच्या ना कुणाच्या शेतात जायचं असतं. ज्याला शेत नाही त्याला आवतण असतं. ज्याला आवतण नाही त्याने कुठल्याही बांधावर उभं राहावं. पाचव्या मिनिटाला हातात पत्रावळ येते.

पंचांगात हिला दर्श वेळ अमावस्या म्हणतात आणि इथे सगळे येळवस म्हणतात. लातूर आणि धाराशिव हे हिचे मुख्य जिल्हे. सोलापूरच्या काही भागात आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडेही ती आहे. पुण्याच्या वाचकाला ती बहुधा ठाऊक नसते. मात्र पुण्यात नोकरी करणाऱ्या लातूरकराची रजा कशासाठी शिल्लक असते, हे त्याच्या साहेबाला चांगलं ठाऊक असतं.

औसा तालुक्यातल्या ज्या घराबद्दल लिहितो आहे, ते घर काही वेगळं नाही. म्हणूनच ते निवडलं. आजोबांची चोवीस एकर जमीन. त्यांना दोन मुलं, म्हणून बारा-बारा. बारावाल्याला तीन मुलं आणि एक मुलगी, म्हणून चार-चार-चार, आणि मुलीचं काय झालं ते पुढे येईल. सगळी काळी, भारी जमीन, एका अंगाला ओढा, मध्ये एक बोअर. थोरले अण्णा साठीकडे झुकलेले, मधले बापू, धाकटे तात्या. तिघांच्या वर आजी, म्हणजे या तिघांची माय. वय विचारलं तर त्या बहात्तरच्या दुष्काळापासून मोजायला लागतात, तेव्हा थोरला पाठीवर होता, मी खडी फोडायला जात होते, असं.

येळवसीची खरी सुरुवात दोन दिवस आधी होते आणि ती घरात, बायकांच्या हातून होते. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबायला ठेवायचं, मग शिजवून त्यात लसूण, मिरची, कोथिंबीर आणि आणखी ताक घालायचं, की आंबील झाली. ती मातीच्या मडक्यात भरतात, मडक्याला बाहेरून चुना आणि काव लावतात. भज्जीचं काम मोठं. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे हिरवे दाणे, वाटाणा, पावटा, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, जे रानात हिरवं आहे ते सगळं एका पातेल्यात जातं, वरून चिंचेचा कोळ आणि बेसन. त्याशिवाय ज्वारी-बाजरीचे उंडे, तीळ लावलेली भाकरी, आंबट भात, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या. पहाटे तीनला चुली पेटतात. तिन्ही घरांतल्या तीन सुना एका चुलीवर येतात. वर्षातल्या बाकी दिवशी त्यांच्या चुली तीन आहेत, गॅस तीन आहेत, आणि कुणाच्या घरात किती तेल लागतं यावर तिघींची मतंही तीन आहेत.

मडकं मात्र पुरुषाने डोक्यावर घेऊन जायचं. दोन दिवस ज्यांनी हात भाजले त्या मागून टोपल्या घेऊन चालतात आणि गावभर दिसतो तो मडकं नेणारा. मी हे आजींना म्हणालो तेव्हा त्या हसल्या. ‘‘नेऊ दे की. तेवढंच एक ओझं उचलतात वर्षातून.’’

शेतात कोप उभी असते. कडब्याच्या पाच पेंढ्यांचे शेंडे वर बांधून खाली फाकवायचे, वरून नवी शाल किंवा लुगडं घालायचं. आत पाच दगड, चुन्याने पांढरे केलेले, कावेची बोटं ओढलेली. हेच पांडव, आणि हीच लक्ष्मी. दगड पांडव आणि लक्ष्मी दोन्ही कसे, असा प्रश्न शहरातून आलेल्या एका नातीने विचारला. तात्यांनी तिला उत्तर दिलं नाही, हातात कुंकवाची वाटी दिली. ते बरोबरच वाटलं. इथे देवाचं नाव काय यावर कुणी अडून बसत नाही. कोप कुणी बांधायची, पूजेला कोणतं जोडपं बसायचं, पहिलं पान कुणाला, यावर मात्र अडतात.

पूजा झाली की एक जण आंबिलीचं भांडं आणि दुसरा भज्जी-उंड्यांची टोपली घेऊन पिकाच्या कडेकडेने चालतो. ज्वारीच्या किंवा कडुनिंबाच्या डहाळीने आंबील पिकावर शिंपडत जायचं आणि ओरडत जायचं. त्या ललकारीतले शब्द कानडी वळणाचे आहेत. ओरडणाऱ्या पोरांपैकी एकालाही त्यांचा अर्थ सांगता आला नाही, आवाज मात्र तीन शेतांपलीकडे जात होता. ही फेरी पूर्ण बारा एकरांना घालतात. चार एकरांना नाही.

पूजेला थोरलं जोडपं बसलं होतं. आजी बाजूला, तुरीच्या ओळीत उभ्या. नवरा गेल्यापासून त्या पूजेला बसत नाहीत. आंबील कधी उतरवायची ते त्याच सांगतात, दगड कुठल्या कोपऱ्यात मांडायचे ते त्याच दाखवतात, या जमिनीचा कुठला तुकडा पाणी धरतो आणि कुठला चिरतो हे तिन्ही मुलांना मिळून ठाऊक नाही तेवढं त्यांना एकटीला ठाऊक आहे, आणि कुंकवाचं बोट लावायचं तर सूनबाईंनी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ते परिपत्रक या तुरीच्या ओळीपर्यंत पोहोचलेलं नाही. मला त्याचा राग आला. आजींना आला नाही, किंवा त्यांनी तो दाखवला नाही. पूजा आटोपल्यावर त्या पुढे आल्या, कोपीची शाल वाऱ्याने सरकली होती ती नीट केली, आणि पहिलं पान बटईने शेती करणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलाला दिलं. तो मुसलमान आहे. त्याच्या घरची खीर-रोटी ईदच्या दिवशी या घरात येते, हे त्यांनी मला सांगितलंही नाही, मला ते दुसरीकडून कळलं.

येळवस हा वर्षातला मोठा दिवस, पण या घरातली श्रद्धा बघायची तर बाकीचं वर्ष बघावं लागतं. इथे देवधर्म आणि शेतीकाम यांची दोन वेगळी कॅलेंडरं नाहीत. सात जूनला मृग निघाला की आभाळ बघायचं. सोयाबीन पेरायला पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झालेला असावा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. आजींचं माप वेगळं आहे, मूठभर माती दाबली तर लाडू वळला पाहिजे. दोन्ही मापं बहुतेक एकाच दिवशी जुळतात. घाई तात्यांना असते, कारण ट्रॅक्टरवाला ज्या दिवशी रिकामा तोच त्यांचा मुहूर्त. पहिली मूठ मात्र अजून घरातल्या माणसाने टाकायची. पेरणीयंत्राच्या डब्यात बी ओतण्याआधी थोरल्या सूनबाई यंत्राला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात, ओंजळभर बी टाकतात. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारी बाई दिवसभर चालायची, बोटांमधून बी किती सुटतं यावर पीक दाट की विरळ ते ठरायचं. ते कसब यंत्राने घेतलं, ओंजळ तेवढी बाकी राहिली.

पेरणी झाली की बापू पंढरीला जातात. त्यांच्या गळ्यात माळ आहे, घरात मटण शिजतं ते त्यांच्या वाट्याचं घर सोडून. आषाढी एकादशी जूनच्या शेवटी किंवा जुलैत येते, आणि वारी पेरणीनंतर येते म्हणून शेतकऱ्याला सोयीची, असं आपण सगळे लिहीत आलो आहोत. या घरात ती तेवढी सोयीची नाही. पाऊस लांबला की पेरणी आणि दिंडी एकमेकींवर आदळतात. पेरणी वेळेवर झाली तरी वारीच्या त्याच पंधरवड्यात कोळपणी असते, तण मरायचं तर तेव्हाच मरतं. बापू गेले की त्यांच्या चार एकरांची कोळपणी त्यांची बायको आणि तात्या करतात. एका वर्षी तात्यांनी नाही केली. वाटणीनंतरचं पहिलंच वर्ष होतं ते. बापू परत आले तेव्हा सोयाबीन दिसत नव्हतं, तणच दिसत होतं. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही आणि पुढच्या वर्षी दिंडीला नाव दिलं नाही. तेव्हा तात्यांनीच भजनी मंडळात जाऊन भावाचं नाव दिलं. हे मला बापूंनी सांगितलं. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘माय बोलत नव्हती माझ्याशी. दुसरं काय करणार?’’

वारीचं पुण्य घरात कसं वाटलं जातं, हा माझा प्रश्न होता. बापूंच्या पत्नी वारीला कधी गेलेल्या नाहीत. त्यांची एकादशी खुरपं हातात असताना होते. गेल्या वर्षी बचत गटातल्या बायकांबरोबर एसटीने एक दिवस जाऊन आल्या, कळसाचं दर्शन घेतलं, संध्याकाळी धार काढायला परत.

नागपंचमीला नांगर-कुळव चालत नाही, विळा-खुरपं चालत नाही, घरात तवा ठेवत नाहीत. भर तणाच्या दिवसांत मिळालेली ही एक सक्तीची सुट्टी. ती बायकांना सर्वांत जास्त लागू पडते, झोके त्याच दिवशी बांधले जातात. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, नवरात्रात घट. घटाची पत्रावळ भरायला आजी स्वतः ओढ्याकाठची माती आणतात, त्यात गहू-ज्वारी-हरभरा पेरतात, आणि नवव्या दिवशी आलेल्या कोंबांकडे भक्तीने कमी आणि हिशेबाने जास्त बघतात. गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण तपासा, असं कृषी सहायक सांगतो. सोयाबीनचे सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. आजी मोजत नाहीत. ‘‘औंदा हरभरा मुका हाय,’’ एवढंच म्हणाल्या आणि अण्णांनी घरचं बी बाजूला ठेवून दुसरं आणलं.

दिवाळीच्या पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव मांडले जातात. त्यासाठी शेण लागतं, आणि तिथून एक लांबलेली गोष्ट सुरू होते.

या घराकडे देवणी बैलांची जोडी होती. देवणी ही याच जिल्ह्यातली जात, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कान लोंबते, दिसायला राजस. हाळी हंडरगुळीच्या बाजारातून आजोबांनी तिची पहिली जोडी आणली होती, तिच्या किमतीवरून झालेलं भांडण घरात अजून सांगितलं जातं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. जुवाने सोललेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. ज्याच्याकडून वर्षभर फुकट काम घेतलं त्याला एक दिवस पाहुणा करायचं. अण्णा हे करताना रडायचे, असं त्यांच्या मुलाने मला सांगितलं, अण्णांनी ते धुडकावून लावलं.

जोडी वाटणीत अण्णांकडे आली. चार एकरांना बैलजोडी पोसत नाही. एका बैलाला वर्षाचा कडबा लागतो, आणि सोयाबीन कडबा देत नाही. त्याचं भुसकट जनावर नाइलाजाने खातं. ट्रॅक्टर तासावर भाड्याने मिळतो, बैल तासावर पोसता येत नाही. त्यात २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. या कायद्यावर अण्णांचं मत विचारलं. माळकरी भावासमोर ते आधी गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बैल मरावा असं कुणाला वाटतं? पण सरकारनं कायदा दिला, कडबा दिला न्हाई.’’ जोडी अखेर विकली गेली. आता पोळ्याला मातीचे बैल पुजतात आणि भाड्याच्या ट्रॅक्टरला हार घालतात. ट्रॅक्टरवाल्याला त्या दिवशी सात-आठ घरी जेवायचं असतं, त्यामुळे तो कुठेच पोटभर जेवत नाही.

कडबा नाही म्हणजे कोप नाही. येळवस ही मुळात रब्बी ज्वारीच्या उभ्या पिकातली पूजा. मालदांडी पुरुषभर उंच वाढलेली, पोटऱ्यात कणीस, आणि तिच्या मध्ये थोडी जागा करून कोप, असा तो थाट होता. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि या जिल्ह्याचं खरीप त्याचंच झालं. साडेतीन महिन्यांत पीक हातात, रोख पैसा, मागून हरभरा. ज्वारीला पाखरं राखायला माणूस हवा, काढायला माणसं हवीत, ती उपटताना हातांची सालटी निघतात, आणि इतकं करून भाव बेताचा. लातूरच्या बाजारात ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं तेव्हा या घराने पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं. सोयाबीनला कुणी शिव्या दिल्या तर तिन्ही भाऊ एकत्र येऊन त्याची बाजू घेतात, कारण पोरांच्या लातुरातल्या क्लासच्या फिया त्यानेच भरल्या. मात्र कोपीसाठी पाच पेंढ्या कडबा आता विकत आणतात. गावात ज्याची ज्वारी आहे त्याच्याकडे येळवसीच्या आठवड्यात रांग असते.

२०२५ च्या डिसेंबरातली येळवस तर मोठ्या नुकसानीनंतरची. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस कोसळला त्यात मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातली शेतं दिवस-दिवस पाण्याखाली होती. या घराची ओढ्याकडची दीड एकर माती खरवडून गेली, वर मुरूम उघडा पडला. शेंगा झाडावरच कोंबारल्या. ही दीड एकर तात्यांच्या वाट्याची. वाटणीच्या वेळी ओढ्याकडची जमीन कसदार म्हणून त्यांनी हट्टाने घेतली होती. आता तिथे काही पेरता येत नाही, म्हणून कोप या वेळी तिथेच बांधायची, असं आजींनी ठरवलं. अण्णांना ते पटलं नव्हतं. पीक नाही तिथे लक्ष्मी बसवायची? आजींचं म्हणणं, पीक आहे तिथे ती आहेच, तिला बोलवावं लागतं ते नाही तिथे. अण्णांनी मुरमावर टोपलंभर माती आणून टाकली आणि कोप उभी केली. या आधीही अशी येळवस झाली आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्याच्या तीन महिने आधीच्या येळवसीला रानात हिरवं पान नव्हतं. भज्जीच्या सगळ्या भाज्या मंडईतून, तिप्पट भावाने. तरी फेरी घातली, मोकळ्या ढेकळांवर आंबील शिंपडली.

त्याहून जुनी आठवण किल्लारीची. किल्लारी औसा तालुक्यातलंच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव नुकतं झोपलं होतं. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचा भार, त्यांनीच माणसं मारली. या गावात हानी किल्लारीच्या मानाने कमी, पण आजींची सासू माळवदाखाली गेली. त्या वर्षीची येळवस कोणी केली, असं विचारल्यावर तिन्ही भावांना आठवेना. आजींना आठवत होतं. सुतक होतं, पण गावातली सगळीच माणसं घरं सोडून रानात पालं टाकून राहत होती, तेव्हा वेगळी कोप बांधायची गरजच पडली नाही. देवावरचा विश्वास उडाला का तेव्हा, असा एक मुंबईकर प्रश्न मी विचारला. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. ‘‘माळवदावरचा उडाला.’’

वाटणीबद्दल मात्र कुणी सरळ बोलत नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषिगणनेत सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या गणनेत १.३४ झाली. या घराचा आलेख त्या आलेखाशी जवळजवळ मिळताजुळता आहे. फरक एवढाच की आकडे हेक्टरात घसरतात आणि घरात ते भांडणात घसरतात. बोअर कुणाच्या तुकड्यात, पाण्याचे दिवस कसे, बांधावरचा आंबा कुणाचा, बांध कोरला कुणी. आजोबांच्या काळात बांधावर बैलगाडी जायची, आता माणूस तिरका चालतो. वाटणी झाल्यावर पहिल्या वर्षी धाकट्या दोन घरांत बोलणं बंद होतं. येळवस आली तेव्हा तात्यांनी आपल्या तुकड्यात वेगळी कोप बांधायला घेतली. कडब्याच्या पेंढ्या उतरवल्या, दगडही धुतले. आजी तिथे गेल्या, पाचातला एक दगड उचलून ओच्यात घातला आणि अण्णांच्या रानात जाऊन बसल्या. चार पांडवांची पूजा होत नाही. तात्या दुपारी आले, जेवले, कुणाशी न बोलता गेले. त्यानंतर आजतागायत कोप एकच, दरवर्षी एका भावाच्या रानात, पाळीपाळीने.

हे ऐकून डोळे भरून येतात, आणि नेमकं तिथेच थोडं सावध व्हावं लागतं. कारण ज्या कोपीने तीन भावांना एकत्र ठेवलं, तिने बहिणीला काय दिलं हे बघितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

बहीण निलंग्याकडे दिलेली. येळवसीला ती दरवर्षी येते, भाऊ आणायला जातात, साडी-चोळी होते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध वाटा दिला, देशाच्या कायद्यात तो २००५ साली आला, आणि वडील २००५ पूर्वी गेले असले तरी मुलीचा हक्क शाबूत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायद्याने या बारा एकरांचे चार वाटे होतात, आजी धरल्या तर आणखी एक. प्रत्यक्षात बहिणीने दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोड पत्रावर सही केली. जबरदस्ती कुणी केली नाही, असं सगळेच सांगतात आणि ते खरंही असावं. जबरदस्ती लागतच नाही. तीन एकर घेतले तर माहेर जातं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. सही झाल्यावर भावांनी हॉटेलात जेवायला नेलं.

मी तिला बांधावर गाठून विचारलं, पस्तावा होतो का. ती सोलाणे सोलत होती. ‘‘माझ्या सासरच्या नणंदांनी पण सोडलं ना. त्यांनी धरलं असतं तर मी बी धरलं असतं.’’ जरा थांबून म्हणाली, ‘‘दादा, तुम्ही हे लिहा, पण माझ्या भावांना वाईट वाटेल असं नका लिहू.’’ तिचे भाऊ वाईट नाहीत. ते लक्ष्मीसमोर मनापासून वाकतात. वाकून उठतात तेव्हा सातबारा तसाच असतो, एवढंच.

हा विरोधाभास उघडपणे बोलून दाखवणारा माणूस कीर्तनकार नव्हता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला भरलं, लाखावर बायका आल्या. त्या वाटेनेच पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ आली. शेतकऱ्याने स्वखुशीने बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करायचा, मग गावाचा सत्कार. पाठोपाठ १९९२ मध्ये सरकारने परिपत्रक काढलं, नवऱ्याने अर्ज केला तर पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. पूजेतल्या लक्ष्मीला घरातल्या बाईशी जोडायची ही युक्ती जोशींची. देवाधर्माशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं, पण शेतकऱ्याच्या देव्हाऱ्यात काय आहे याची त्यांना चांगली जाण होती. योजना आजही आहे. तिचा फलक तहसील कार्यालयात रंग उडून गेलेला दिसतो.

या घरात ती पोहोचली ती थोरल्या सूनबाईंमुळे. बचत गटाच्या बैठकीत त्यांनी ऐकलं. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाने येतं. अण्णांना मधुमेह आहे. उद्या काही झालं तर आपण वारस म्हणून रांगेत उभं राहायचं, की आजच नाव लावून घ्यायचं? त्यांनी हे घरात काढलं नाही, येळवसीच्या दिवशी रानात काढलं, पंगत बसलेली असताना, पाहुणे समोर असताना. अण्णांच्या हातात उंडा होता. बापूंनी विठ्ठलाचं नाव घेतलं. तात्या म्हणाले, ‘‘वहिनी, पुजेला तर तुम्हीच बसलात की.’’ त्यावर सूनबाईंनी तात्यांना आंबील वाढली आणि म्हणाल्या, ‘‘म्हणूनच म्हणते. पुजेत नाव चालतं तर कागदावर का चालत न्हाई?’’

दोन मिनिटं नुसता वाढपाचा आवाज. मग आजी बोलल्या. आपल्या नवऱ्याच्या नावाचा सातबारा आयुष्यात एकदाही हातात न धरलेल्या बाई. ‘‘लाव रे नाव तिचं. माझं ऱ्हायलं.’’

संध्याकाळी कोपीपुढे गोवऱ्यांवर बोळक्यात दूध तापवलं. ते ज्या बाजूला उतू जातं तिकडचं रान पिकतं म्हणतात. ते तात्यांच्या खरवडलेल्या मुरमाकडे गेलं आणि तात्यांनी लगेच त्याचा फायदा उठवला. गाळ टाकायला ट्रॅक्टरचा खर्च तिघांत करायचा, असा विषय काढला. बापू तयार झाले. अण्णा म्हणाले, बघू. पोरांनी वाळल्या गवताचा हेंडगा पेटवून बांधाबांधाने पळत नेला आणि शहराकडच्या गाड्या निघायला लागल्या.

जानेवारीत दोन्ही कामं सुरू झाली. गाळाच्या नऊ खेपा झाल्या आहेत, पैसे अजून तात्यांनीच भरलेत. तिन्ही भावांनी पुढच्या रब्बीला आपापल्या बांधालगत चार-चार ओळी मालदांडी पेरायची, म्हणजे कडबा विकत आणावा लागणार नाही, असं आजींनी सुचवलं. पाखरं कोण राखणार यावर अजून तंटा चालू आहे. थोरल्या सूनबाईंच्या नावाचा अर्ज अण्णांनी सहीनिशी दिला. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण ते जुन्या नावानेही ओ देतात. त्यांनी अर्ज ठेवून घेतला, रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणाले, आणि आणखी दोन झेरॉक्स मागितल्या. सूनबाई स्वतः औशाला जाऊन काढून आल्या.